विशेष काही नाही

"कापगते, सप्टेंबरचे दिवस किती?"

रेंजर ढवळे साहेबांनी मान वर न करता विचारलं. मी त्यांच्या टेबलापुढे ताठ उभी होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं होतं. पण प्रश्न इतका सोपा होता की मला उलट धीर आला.

"तीस, सर."

"नक्की?"

"हो सर. तीसच."

"मग एकतीस सप्टेंबरला तुम्ही कुठल्या जंगलात फिरत होतात?"

त्यांनी माझी दैनंदिनी माझ्याकडे फिरवली. पानाच्या तळाशी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'दि. ३१ सप्टेंबर. कक्ष क्रमांक ११२ मध्ये पायी फिरती केली. विशेष काही नाही.' पलीकडच्या टेबलावरचा कारकून फिस्सकन हसला.

"दुष्काळात तेरावा महिना ऐकला होता," साहेब म्हणाले, "सप्टेंबरातला एकतिसावा दिवस तुमच्यामुळे कळला. खुलासा द्या. लेखी. दोन दिवसांत." आणि दैनंदिनी माझ्यापुढे सरकवली.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. मी तेव्हा वनरक्षक होते. नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. भंडाऱ्याकडच्या जंगलातला एक तुकडा, ज्याला आम्ही बीट म्हणतो, माझ्या ताब्यात होता. त्यात रोज फिरायचं, आणि जे पाहिलं ते रोज दैनंदिनीत लिहायचं, असा नियम. फिरण्यात मी कधी कसूर केली नाही. उन्हात, चिखलात, ताप असताना फिरले. पण लिहायचं म्हटलं की मी उद्यावर ढकलायची. म्हणून मी एक युक्ती काढली होती. महिन्याच्या शेवटच्या दिवशी चहा घेऊन बसायचं, निळं, काळं आणि अर्धवट वाळलेलं अशी तीन पेनं घ्यायची, आणि अख्खा महिना एका बैठकीत उरकायचा. पेनं आलटून पालटून वापरली की रोज लिहिल्यासारखं दिसतं. मजकूर एकच. त्या महिन्यात हाताला असा वेग आला की तीस तारखेला तो थांबलाच नाही.

लिहिण्याशी माझं वाकडं लहानपणापासूनचं. बाबांचं शेजारच्या हटवारांशी सांडपाण्याच्या नालीवरून नऊ वर्षं भांडण चाललं. घरात मीच तेवढी शिकलेली, त्यामुळे ग्रामपंचायतीपासून तहसीलपर्यंतचे सगळे अर्ज माझ्या हातचे. 'महोदय, उपरोक्त विषयान्वये…' एक अक्षर चुकलं की बाबा कागद फाडायचे, नवा द्यायचे. बाहेर मुली लंगडी खेळत असायच्या आणि मी ओसरीत बसून नाली लिहीत असायची. तेव्हापासून माझी पक्की समजूत झाली की लिहिणं दोनच कारणांसाठी असतं, भीक मागायला किंवा सापडल्यावर सुटायला. एरवी शहाण्या माणसानं कागदाच्या वाटेला जाऊ नये.

आता खुलासा लिहायचा म्हणजे बाबांचा अर्ज पुन्हा मानगुटीवर बसला. दैनंदिनी बॅगेत कोंबली आणि रागारागानं गाडीला किक मारली. वाटेत दसरूकाकांचं गाव लागतं. महिनाभर त्यांना भेटले नव्हते. म्हटलं, डोकं शांत होईस्तोवर तिथं बसू.

दसरू सयाम आमचे वनमजूर होते. माझ्याबरोबर बीटात फिरणं हे त्यांचं काम. खरं सांगायचं तर मी त्यांच्या मागून फिरायची. साठीला आलेला, काटक, तोंडानं फटकळ माणूस. जंगलात मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मॅडम, तुमी डावा पाय घासत चालता. तुमच्यापायी वाघबी राजीनामा दिऊन जाईन." अक्षर एक येत नव्हतं त्यांना, पण झाडाची साल बघून रात्री कोण येऊन गेलं ते सांगायचे. आणि काहीही दाखवलं की लगेच म्हणायचे, "हे लिवा बरं मॅडम." मी म्हणायची, "लिहिते, लिहिते."

उन्हाळ्यापासून ते अधूनमधून फांद्यांना धडकायला लागले होते. मी चेष्टा करायची, "काय काका, सकाळीसकाळीच घेतली का?" ते काही बोलायचे नाहीत. पोळ्यानंतर त्यांनी येणंच बंद केलं आणि सुनेनं, यमुनेनं, त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेल्याचं कानावर आलं.

मी फाटकातून आत शिरले. काका पडवीत बाजेवर बसले होते. तोंड माझ्याकडे होतं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी.

"मॅडम का?"

"कसं ओळखलं काका?"

"डावा पाय."

मी हसले. ते हसले नाहीत. यमुना पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली आणि मी न विचारताच तिनं सांगितलं, "काचबिंदू म्हनते जी. मोतीबिंदू असता तं आपरेशन झालं असतं. हे जे गेलं ते गेलं म्हनते. थोडंसं उजेड-अंधार कळते. तेवढं टिकवासाठी थेंब देल्ले."

सकाळीसकाळी घेतली का, म्हणून मी महिनोन् महिने खिदळत होते आणि या माणसाच्या डोळ्यांत रोज थोडा थोडा अंधार होत होता.

"ही बाई दवाखान्यात रडे," काका म्हणाले. "मी म्हनलं, रडू नको वं. डोळे गेले तं गेले. जे पाह्यलं ते समदं मॅडमच्या कापीत हाये. तीन सालाचं हाये. जवा वाटन तवा मॅडमले म्हनू, वाचून दाखवा." त्यांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळवली. "कापी हाये का आज जवळ?"

नाही म्हणता आलं असतं. पण मी बॅग बाजेवर ठेवताना यमुनेच्या पोरीनं ती उघडली होती आणि दैनंदिनीचं लाल पुठ्ठ्याचं तोंड बाहेर आलं होतं. "हाये, हाये," ती आनंदानं म्हणाली.

"मंग तो अस्वलीचा दिवस वाचा," काका म्हणाले. बाजेवर मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, कीर्तनाला बसावं तसे ते बसले. "बोडीवर आली होती ना पिल्लं घिऊन. तो."

बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं. एप्रिलातली गोष्ट होती. मी एप्रिल उघडला. बारा, तेरा, चौदा, पंधरा. प्रत्येक तारखेपुढे एक ओळ. 'पायी फिरती केली. विशेष काही नाही.' त्यातला अस्वलाचा दिवस कोणता, हेसुद्धा मला सांगता आलं नसतं.

खोटं बोलावं पण रेटून बोलावं. मी घसा साफ केला आणि सुरू केलं. "सकाळी साडेसहा वाजता आम्ही बोडीजवळ पोचलो. पाण्यावर दाट धुकं होतं…"

"धुकं?" काका पुटपुटले.

"…थोडंसं. मग झाडीतून एक अस्वलीण आली. तिच्या पाठीवर दोन पिल्लं होती. ती पाणी प्यायली आणि निघून गेली. फार सुंदर दृश्य होतं."

"हं." ते म्हणाले. "मंग ते नवरंगाचं घरटं वाचा. मिरगाच्या मागून दिसलं होतं ते."

मी नवरंगाचं वाचलं. घरट्यात अंडी किती होती ते आठवेना, म्हणून चार घातली. पक्षी रंगीबेरंगी होता असं म्हटलं. मग त्यांनी नाल्याच्या पुराचा दिवस मागितला. सांबराचं पिल्लू पोहत पार झालं, तो. मी तोही वाचला. एव्हाना मला रंग चढला होता. खुलाशाची भीतीसुद्धा मी विसरले होते. यमुना सूप हातात धरून ऐकत उभी होती.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा ना काका."

"अस्वल एप्रिलात. नवरंग मिरगाच्या मागून. पूर पोळ्याच्या अगुदर. हे समदं तुमच्या कापीत एकाच पानावर कसं आलं जी?"

मी दैनंदिनीकडे पाहिलं. एप्रिलचंच पान उघडं होतं.

"पान पलटल्याचा आवाज नाही आला," ते म्हणाले.

काकांनी हात पुढे केला. तो हात हवेत माझ्या गुडघ्याच्या जरा डावीकडे थांबला. मी दैनंदिनी त्या हाताखाली सरकवली. त्यांनी अंगठा पानावरून हळूहळू फिरवला. बॉलपेन मी दाबून चालवते, त्यामुळे अक्षराचा खळगा बोटाला लागतो. एका ओळीवरून अंगठा गेला, पुढे कोऱ्या कागदावर आला, मग पुढची ओळ, मग पुन्हा कोरं. त्यांनी स्वतः पान उलटलं. मग आणखी एक.

"इथं कोरं हाये," ते म्हणाले. "इथंबी कोरं हाये. एकच एक ओळ. काय हाये ती ओळ?"

"विशेष काही नाही."

"मी ओळ इचारली."

"तेच लिहिलंय काका. विशेष काही नाही."

"समद्या दिवशी?"

"हो."

यमुनेनं सूप खाली ठेवलं आणि पोरीला घेऊन आत गेली.

"मंग जंगलात मी लिवा म्हनो, तवा तुमी खिशातली कापी काढत होत्या," काका म्हणाले. "पेनाचा आवाज मी आयकला हाये. काय लिवत होत्या?"

ह्याचं उत्तर द्यायचं म्हणजे मरण होतं. पण त्या हाताखाली दैनंदिनी ठेवल्यावर आणखी खोटं सुचणंच बंद झालं. "खिशातल्या वहीत नुसत्या रेघोट्या ओढत होते काका. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

त्यांनी दैनंदिनी मिटली. अगदी नीट, कोपरे जुळवून मिटली आणि माझ्याकडे धरली. "जा तुमी," ते म्हणाले. "ऊन चढून राह्यलं." आवाजात राग असता तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण तो आवाज घर लुटलं गेल्यावर माणसाचा होतो तसा होता. आयुष्यात मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

घरी आले. डबा उघडला नाही. कोरा कागद घेतला आणि खुलासा लिहायला बसले. डोक्यात कारणं तयार होती, प्रकृती अस्वास्थ्य, नजरचूक, लेखनप्रमाद. पण पेन टेकवलं की काकांचा अंगठा दिसायचा. शेवटी मी लिहिलं, 'महोदय, मी दैनंदिनी रोज लिहीत नव्हते. महिन्याच्या शेवटी एकदम लिहीत होते. म्हणून एक दिवस जास्त झाला. रोज खूप पाहिलं आणि काहीच लिहिलं नाही, हा खरा दोष आहे. तो आता भरून निघणार नाही.' एवढंच. कागद फाडला नाही. बाबांच्या काळापासून पहिल्याच खेपेला पुरा झालेला माझा तो पहिला अर्ज.

ढवळे साहेबांनी तो दोनदा वाचला. "कापगते," ते म्हणाले, "वीस वर्षांत शेवटपर्यंत वाचलेला हा पहिला खुलासा." मग टाचणी लावून फायलीत ठेवला. पुढे काय कारवाई करणार ते सांगितलं नाही. म्हणाले, "जा, बीट बघा."

मी गेले. एकटीच. आणि तिथं मला दुसरा तडाखा बसला. तीन वर्षं मी ज्या जंगलात फिरले, ते मला दिसतच नव्हतं. झाडं होती, माती होती, वर आभाळ होतं. कुठल्या सालीवर ओरखडे आहेत, चिखलात कोणाचा पाय आहे, हे दाखवणारं बोट आता नव्हतं. मी आजवर जंगल पाहत नव्हते, काकांचं बोट पाहत होते. दोन तास फिरून मी एका दगडावर बसले आणि चक्क रडले. रडून झाल्यावर भूक लागली, ती चांगली खूण होती.

गावातल्या दुकानातून शंभर पानी वही घेतली. शाळेच्या पोरांची, वर मोराचं चित्र असलेली. सरकारी दैनंदिनीत एका दिवसाला चार ओळींची जागा असते, आणि मला ती आता पुरणार नव्हती, असं मी ऐटीत ठरवलं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी सहा ओळी झाल्या. त्या लिहायला सव्वा तास लागला.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन काकांच्या पडवीत गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आले हे त्यांना कळलं होतं, तरी वळले नाहीत. मी उभ्या उभ्याच वाचलं, "आज दिनांक नऊ ऑक्टोबर रोजी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी मुख्यालयातून निघून कक्ष क्रमांक एकशे बारामध्ये प्रवेश केला असता…"

"ठान्यात रपोट देऊन राह्यल्या का?" भिंतीकडून आवाज आला.

मी वही खाली केली.

"वारा कुठून होता?"

"माहीत नाही."

"बोडीत पाणी कोठवर होतं?"

"होतं. बरंच होतं."

"बरंच म्हंजे? त्या वाकल्या अर्जुनाच्या मुळ्या बुडल्या होत्या का उघड्या होत्या?"

"काका, मी बघितलं नाही."

"मंग लिवलं काय?"

माझं डोकं सटकलं. "मी इथं काय शाळेत आले आहे का? चुकलं माझं. मी कबूल केलं. साहेबांना लिहूनसुद्धा दिलं. आता तुम्हाला माझे कान धरून उठाबशा पाहिजेत तर त्याही काढते, पण दिसणार कशा तुम्हाला?"

तोंडातून गेलं आणि जीभ चावली. काका उठून बसले. मला वाटलं, आता कायमचं संपलं. त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"डावा पाय घासत काढसान उठाबशा, तं आयकू येतीन," ते म्हणाले. मग हसू आवरून म्हणाले, "उद्या वारा पाहून या."

मी वारा पाहून गेले. त्यांनी मोहाच्या झाडाखालची माती विचारली. माती पाहून गेले, तर माकडांनी काय विचारलं, असं त्यांनी विचारलं. म्हणजे वानरं माझ्याकडे बघून ओरडली की गप्प राहिली. रोज परीक्षा, आणि रोज मी एखाद्या प्रश्नाला नापास. पण नापास व्हायचं नाही या खुन्नसनं मी जंगलात डोळे ताणायला लागले, आणि जे दिसलं ते विसरू नये म्हणून तिथंच उभ्या उभ्या वहीत उतरवायला लागले. 'रोजी' आणि 'असता' कधी गळून पडले ते कळलं नाही. एकदा मी वाचलं, "आज बोडीचं पाणी अर्जुनाच्या मुळ्यांच्या दोन बोटं खाली गेलं. बगळा एक. तो माझ्याकडे मामलेदारासारखा बघत होता." काका म्हणाले, "हा बगळा मले ठाऊक हाये. तसाच हाये तो." यापेक्षा मोठी शाबासकी मला नंतर कुठल्याही साहेबानं दिली नाही.

दिवाळीनंतर मला चार दिवसांच्या प्रशिक्षणाला नागपूरला पाठवलं. तिथं जंगल नव्हतं, काका नव्हते, कोणाला वाचून दाखवायचं नव्हतं. चांगली सुट्टी मिळाली म्हणून मी खूश होते. पहिल्याच संध्याकाळी वसतिगृहाच्या पायरीवर बसले आणि हात आपोआप बॅगेत गेला. मी खानावळीतल्या आचाऱ्याबद्दल लिहिलं, जो पोळी तव्यावर टाकली की प्रत्येक वेळी जिन्याकडे बघायचा. का बघायचा ते कळलं नाही, पण बघायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्याच बायकोबद्दल लिहिलं, कारण ती जिन्यानं आली. तिसऱ्या दिवशी बाबांबद्दल लिहिलं. नऊ वर्षं अर्ज करून नाली वळली नाही, पण रोज सकाळी हटवारांच्या म्हातारीला आधी पाणी भरू द्यायचे बाबा, मग स्वतः भरायचे. हे मी रोज पाहिलं होतं, आणि ते मला ठाऊक आहे हे मला त्या पायरीवर कळलं. डोळे भरून आले आणि कागदावर थेंब पडून 'हटवार' पुसट झाले. ते पान मी कोणाला वाचून दाखवलं नाही. काकांनाही नाही. ते माझं होतं.

परत आले तेव्हा डिसेंबराची थंडी पडली होती. यमुनेनं पडवीत शेगडी ठेवली होती आणि काका घोंगडी पांघरून बसले होते. एव्हाना त्यांना उजेड-अंधारही नीट कळत नव्हता. मी पडवीत चढायच्या आधीच ते म्हणाले, "चार दिवस वही बंद होती का?"

"नाही. चालू होती."

"हं." ते बराच वेळ हात शेकत राहिले. मग अगदी सहज म्हणाले, "अस्वलीचा दिवस हाये का आता कापीत?"

ऑक्टोबरनंतर त्यांनी तो विषय काढला नव्हता. मीही नाही. "नाही काका," मी म्हणाले. "तो गेला. मी आठवायचा प्रयत्न केला. नीट आठवत नाही."

"तुमाले नाही आठवत. मले आठवते ना." त्यांनी घोंगडी सावरली. "काढा कापी. मी सांगतो, तुमी लिवा. अन रेघोट्या ओढल्या तं मी आयकतो बरं."

मी वही मांडीवर घेतली. काका सांगायला लागले. त्या सकाळी धुकं नव्हतं, एप्रिलात कुठलं आलं धुकं. मोह गळत होता आणि सगळ्या रानाला त्याचा आंबूस वास होता. वारा बोडीकडून आमच्याकडे येत होता, म्हणून तिला आमचा वास गेला नाही. आम्ही दोघं पडलेल्या ऐनाच्या खोडामागे पालथे पडलो होतो.

"पालथे?" मी लिहिता लिहिता विचारलं. "मी बसले होते."

"बसल्या होत्या, मी मानेला धरून पाडलं."

"खरंच की," मी म्हणाले. मला कोपराला खुपलेला दगड आठवला. दगड मी लिहिला.

"अस्वल आली. पाठीवर दोन पिल्लं. म्होरचं मानेजवळ, मागचं कंबरेवर. आता तुमाले शिंक येऊन राह्यली होती."

"मला?"

"तुमाले. मोहाच्या वासानं. मी तुमचं नाक दाबून धरलं. असं." त्यांनी हवेत चिमूट धरली.

आणि मला तो दिवस सगळाच्या सगळा परत मिळाला. नाकावरची तंबाखूचा वास येणारी बोटं, डोळ्यांत आलेलं पाणी, आणि त्या पाण्यातून डुलत दिसलेली काळी अस्वलीण. मी हसत होते आणि लिहीत होते. पेन थांबत नव्हतं. यमुना आतून येऊन उंबऱ्यावर बसली होती. तिची पोर वहीत डोकावून मोठ्यानं अक्षरं लावत होती, "द-स-रू-का-कां-नी मा-झं ना-क…"

"माहं नाव हाये त्याच्यात?" काकांनी विचारलं.

"आहे तर."

त्यांनी हात पुढे केला. मी वही त्या हाताखाली धरली. अंगठा पहिल्या ओळीवरून निघाला, दुसरीवर आला, तिसरीवर, चौथीवर. कुठंच कोरं लागेना. पानाच्या तळापर्यंत गेल्यावर तो थांबला. त्यांनी हात मागे घेऊन घोंगडीत घातला.

"म्होरं लिवा," ते म्हणाले. "ती पाण्यापाशी वाकली अन मागचं पिल्लू घसरलं…"

पान संपलं होतं. मी ते उलटलं.

काका बोलता बोलता थांबले. मान जरा तिरपी केली.

"पलटलं," ते म्हणाले. "हं. मागचं पिल्लू घसरलं, ते डायरेक्ट पाण्यात."